विश्लेषण : ‘फुकट’ सॉफ्टवेअरच्या माहितीपानांचे बिल कोण भरते? एआय बॉट्समुळे ते का फुगले?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर मोफत मिळते. ते कसे वापरायचे हे सांगणारी पानेही मोफत वाचता येतात. मात्र ही पाने ज्या सर्व्हरवर ठेवलेली असतात, त्याचे भाडे दर महिन्याला कोणीतरी भरतच असते. गेल्या दोन वर्षांत एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉट्सनी या पानांवर अक्षरश: धाड घातली आणि खर्च वाढला. त्याच काळात ही पाने स्वत: उघडून वाचणारी माणसे मात्र कमी होऊ लागली. या दुहेरी कात्रीत जगभरातील लहान-मोठे प्रकल्प कसे सापडले, याविषयी...

नेमके काय घडले?

टेलविंड सीएसएस हे वेबसाइटची मांडणी आणि रंगरूप ठरवण्यासाठी वापरले जाणारे लोकप्रिय ओपन सोर्स साधन आहे. त्याच्या गिटहबवरील पानावर एका वापरकर्त्याने एक सुधारणा सुचवली होती. टेलविंडचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची माहिती देणारी पाने, एआय मॉडेलना सहज वाचता येतील अशा साध्या मजकूर स्वरूपातही द्यावीत, इतकीच ती सूचना. जानेवारी २०२६ मध्ये टेलविंडचे निर्माते अ‍ॅडम वॉथन यांनी ती स्वीकारण्यास नकार दिला आणि कारण सांगताना कंपनीची आर्थिक स्थितीच उघड केली. आदल्याच दिवशी अभियंत्यांच्या चमूतील ७५ टक्के कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले होते. हा चमू मुळात चौघांचा, त्यातील तिघांची नोकरी गेली. २०२३ च्या सुरुवातीच्या तुलनेत डॉक्युमेंटेशनच्या पानांवर येणारे वाचक सुमारे ४० टक्क्यांनी आणि उत्पन्न ८० टक्क्यांच्या आसपास घटल्याचे त्यांनी सांगितले. टेलविंडचा वापर मात्र याच काळात वाढत होता.

त्याआधी दीड वर्ष, जुलै २०२४ मध्ये, ‘रीड द डॉक्स’ या संस्थेने वेगळीच तक्रार जाहीरपणे मांडली होती. हजारो ओपन सोर्स प्रकल्पांचे डॉक्युमेंटेशन मोफत ठेवून देणारी ही सेवा. तिच्याकडे वाचक कमी पडत नव्हते. उलट मे २०२४ मध्ये एकाच बॉटने तिच्या सर्व्हरवरून ७३ टेराबाइट डेटा उतरवून घेतला होता.

एकीकडे माणसे येईनाशी झाली, दुसरीकडे यंत्रे थांबेनात. दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे.

डॉक्युमेंटेशन इतके महत्त्वाचे का?

मिक्सर विकत घेतला की खोक्यात माहितीपुस्तिका येते. ती बहुतेक जण न वाचता कपाटात टाकतात आणि तरीही चटणी व्यवस्थित वाटली जाते. सॉफ्टवेअरचे तसे नसते. एखाद्या प्रणालीत शेकडो आज्ञा असतात, प्रत्येक आज्ञेला आणखी डझनभर पर्याय असतात आणि दर सहा महिन्यांनी त्यातील काही बदलतात. लिहिलेली माहिती नसेल तर उत्तम सॉफ्टवेअरही वापराविना पडून राहते. हिंजवडीतील कंपनीत काम करणारी अभियंता असो की तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारा विद्यार्थी, दोघांच्याही ब्राउझरमध्ये कोणत्या ना कोणत्या डॉक्युमेंटेशनचे पान उघडे असतेच.

पायथन भाषेचे उदाहरण घेता येईल. २००८ मध्ये या भाषेचे डॉक्युमेंटेशन लिहिण्यासाठी जर्मनीच्या गेऑर्ग ब्रँडल यांनी ‘स्फिंक्स’ नावाचे साधन तयार केले. साध्या मजकुराच्या फाइल लिहायच्या, स्फिंक्स त्यातून अनुक्रमणिका, शोध आणि दुवे असलेली पाने तयार करते. हे साधन इतके रुळले की पुढे, २०१६ मध्ये, लिनक्स कर्नलच्या डॉक्युमेंटेशननेही तेच स्वीकारले. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत चालणाऱ्या लिनक्सची माहितीपाने या साधनातून तयार होतात.

पाने ठेवण्यात अवघड ते काय?

बाहेरून पाहता काहीच नाही. डॉक्युमेंटेशनची पाने बहुतेकदा स्थिर असतात. बँकेच्या साइटप्रमाणे त्यांना प्रत्येक वापरकर्त्यासाठी हिशेब करावा लागत नाही. तयार फाइल सर्व्हरवर ठेवायची आणि मागेल त्याला द्यायची, एवढेच काम. एका पानाचा आकारही किरकोळ असतो.

अडचण सुरू होते ती आवृत्त्यांपासून. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरची पाचवी आवृत्ती आली. सर्वांनी लगेच ती घेतली असे होत नाही. कोणा कंपनीची यंत्रणा तिसऱ्या आवृत्तीवर चालते आणि पुढची चार वर्षे तशीच चालणार असते. तिथल्या अभियंत्याला तिसऱ्या आवृत्तीचीच माहिती हवी. नवीन पाने वाचून त्याने आज्ञा दिली तर ती चालणार नाही, किंवा चालून नुकसान करील. त्यामुळे जुनी पाने काढून टाकता येत नाहीत. वीस आवृत्त्या असतील तर वीस संच जपावे लागतात. त्यात भाषांतरे असतील तर संख्या तितक्या पटीने वाढते.

दुसरे काम असते ते पाने पुन:पुन्हा तयार करण्याचे. कोडमध्ये बदल झाला की डॉक्युमेंटेशनही नव्याने घडवावे लागते. ते आपोआप व्हावे यासाठी वेगळा संगणक राबवावा लागतो. कोणी चूक दुरुस्त करून पाठवली तर ती स्वीकारण्यापूर्वी पान कसे दिसेल हे तपासता आले पाहिजे. शोधाची सोय लागते. इंटरनेट धड नसलेल्या ठिकाणी वाचता यावे म्हणून पीडीएफ किंवा झिप फाइल द्यावी लागते. शिवाय डोमेनचे वार्षिक शुल्क, सुरक्षेचे प्रमाणपत्र, अधूनमधून पडणारा सर्व्हर हे सगळे आहेच.

हे सर्व करणारी व्यक्ती बहुतेक प्रकल्पांत एक किंवा दोन असते आणि तीही नोकरी सांभाळून, रात्री किंवा शनिवार-रविवारी. तिला कोड लिहिण्यात रस असतो. सर्व्हरची देखभाल हे तिच्या दृष्टीने मागे लागलेले लचांड असते.

मग मोफत जागा देते कोण?

दोन नावे प्रामुख्याने घ्यावी लागतात. पहिले गिटहब पेजेस. २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या या सोयीमुळे गिटहबवर कोड ठेवणाऱ्या कोणालाही त्याच खात्यातून वेबसाइट चालवता येते. सार्वजनिक प्रकल्पांना पैसे पडत नाहीत. मर्यादा आहेत. साइटचा आकार एक जीबीपर्यंत आणि महिन्याला शंभर जीबी डेटाची सैल मर्यादा. लहान प्रकल्पाला हे पुरून उरते. गिटहबची मालकी २०१८ पासून मायक्रोसॉफ्टकडे असल्याने हा खर्च त्या कंपनीच्या ताळेबंदात दिसणारही नाही.

दुसरे रीड द डॉक्स. त्याची जन्मकथा ओपन सोर्सच्या जगाला शोभणारी आहे. २०१० मध्ये जँगो या पायथन प्रणालीवर आधारित ४८ तासांची स्पर्धा झाली. एरिक होल्शर, चार्ल्स लायफर आणि बॉबी ग्रेस या तिघांनी त्या दोन दिवसांत ही सेवा उभी केली. आवृत्त्या सांभाळणे, बदल होताच पाने नव्याने घडवणे, शोध, पीडीएफ ही वर सांगितलेली सारी डोकेदुखी ती प्रकल्पांच्या वतीने स्वत:कडे घेते. सेवेचा कोडही ओपन सोर्सच आहे.

पण दोन दिवसांत उभी केलेली सेवा पंधरा वर्षे चालवायला पैसे लागतात. सुरुवातीची काही वर्षे संस्थापकांची रात्रीची झोप आणि देणग्या यांवर ती चालली. २०१५ च्या अखेरीस मोझिलाने तिला ४८ हजार डॉलरची मदत दिली. कायमस्वरूपी मार्ग मात्र दोन निघाले. कंपन्यांच्या खासगी डॉक्युमेंटेशनसाठी सशुल्क सेवा आणि मोफत पानांवर छोटी जाहिरात. ही जाहिरात वाचकाचा माग काढत नाही. पान पायथनबद्दल असेल तर पायथन जाणणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी एक ओळ दिसते, इतकेच. ‘एथिकल अ‍ॅड्स’ नावाने हे जाळे पुढे स्वतंत्रपणे चालू झाले.

आता या व्यवस्थेतील कच्चा दुवा लक्षात येईल. जाहिरात माणसाने पाहिली तरच पैसे मिळतात. बॉट जाहिरात पाहत नाही.

बॉट्सनी नेमके काय केले?

इंटरनेटवर पाने गोळा करत फिरणारे बॉट नवे नाहीत. गुगलचा बॉट पंचवीस वर्षांहून अधिक काळ हेच करतो. पण त्यात देवाणघेवाण होती. गुगल पान वाचून नेई आणि बदल्यात शोधणाऱ्या माणसाला त्या पानावर पाठवी. पाने किती वेळा, किती वेगाने मागावीत याचाही एक शिष्टाचार रुळला होता. एआय मॉडेलसाठी मजकूर गोळा करणाऱ्या अनेक बॉट्सनी तो पाळला नाही, अशी साइट चालवणाऱ्यांची तक्रार आहे.

रीड द डॉक्सचे मे २०२४ मधील प्रकरण याचा नमुना. एका बॉटने झिप केलेल्या एचटीएमएल फाइलचे ७३ टेराबाइट उतरवले. एकाच दिवशी जवळपास १० टेराबाइट. रोज दीड जीबीचा मोबाइल पॅक पूर्ण संपवणाऱ्या व्यक्तीला इतका डेटा वापरायला सुमारे १३३ वर्षे लागतील. या एका बॉटमुळे आलेले बिल पाच हजार डॉलरहून अधिक होते, त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांच्या वर.

इतका मजकूर त्या साइटवर होता म्हणून तो नेला, असेही नाही. बॉटमध्ये त्रुटी होती आणि तो त्याच त्या फाइल पुन:पुन्हा उतरवत होता. फाइल बदलली आहे का, हे न उतरवता तपासण्याची सोय वेबच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे. ब्राउझर ती दिवसभर वापरतो. त्यामुळेच एखादी साइट दुसऱ्यांदा उघडताना कमी डेटा लागतो. बॉट बनवणाऱ्यांनी ही प्राथमिक सोयही घातली नव्हती आणि वेगावर मर्यादाही ठेवली नव्हती. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम लिहिला असता तर त्याला तो पुन्हा लिहायला सांगितला असता. रीड द डॉक्सने संबंधित कंपनीचे नाव जाहीर केले नाही, मात्र भरपाईबाबत बोलणी सुरू असल्याचे म्हटले होते.

पुढच्याच महिन्यात, जून २०२४ मध्ये, फेसबुकच्या मजकूर उतरवणाऱ्या साधनातून कोणीतरी १० टेराबाइट नेले. संस्थेने बॉटने दिलेल्या संपर्काच्या पत्त्यावर ईमेल केला. तो पोहोचलाच नाही, परत आला.

अखेर संस्थेने एआय बॉट म्हणून ओळखल्या गेलेल्या सर्वांना अडवले. उतरवल्या जाणाऱ्या फाइलचा भार दिवसाला सुमारे ८०० जीबीवरून २०० जीबीवर आला. म्हणजे चार फाइलपैकी तीन बॉट नेत होते. हा सगळा भार थेट मूळ सर्व्हरवर पडला असता तर महिन्याला सुमारे दीड हजार डॉलर मोजावे लागले असते, असा संस्थेचा हिशेब आहे.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्या झिप फाइलवर बॉट्सनी ताव मारला, त्या मुळात इंटरनेट नीट न मिळणाऱ्यांना ऑफलाइन वाचता यावे म्हणून ठेवलेल्या होत्या. बॉट्सच्या त्रासापायी साइट चालवणाऱ्यांना अशी सोय काढून टाकावीशी वाटली, तर फटका ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला बसेल, बॉट चालवणाऱ्या कंपनीला नव्हे.

हा अनुभव एकट्याचा नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाऊंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की, जानेवारी २०२४ पासून छायाचित्रे व चित्रफितींसाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आहे. पाने पाहणाऱ्यांत बॉट्सचा वाटा ३५ टक्के, पण सर्वात खर्चीक मागणीत मात्र ६५ टक्के. कारण माणसे लोकप्रिय पाने वाचतात आणि ती जवळच्या सर्व्हरवर साठवलेली असतात. बॉट कोपऱ्यातील, कोणी न उघडलेली पानेही खणून काढतात आणि ती दर वेळी मूळ सर्व्हरवरून आणावी लागतात. डॉक्युमेंटेशनच्या जुन्या आवृत्त्यांचे नेमके हेच होते.

वाचक घटले तर बिघडले कुठे?

इथे टेलविंडचा प्रश्न येतो. वरवर पाहता वाचक घटणे म्हणजे खर्च घटणे. टेलविंडचे दुखणे खर्चाचे नव्हते, विक्रीचे होते. मूळ साधन मोफत, पण त्यावर आधारित तयार आराखडे आणि घटक कंपनी विकते. त्यांची जाहिरात वृत्तपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर होत नव्हती. लोक डॉक्युमेंटेशन वाचायला येत, तिथे विकाऊ उत्पादनाचे नाव दिसे आणि त्यातले काही जण ते घेत. वॉथन यांच्या म्हणण्यानुसार लोकांना या उत्पादनांची माहिती मिळण्याचा मार्ग डॉक्युमेंटेशन हाच होता.

आता प्रोग्रामर एआय सहायकाला सांगतो, ‘तीन रकान्यांची मांडणी करून दे’ आणि टेलविंडचा कोड तयार मिळतो. तो कोड बरोबर असतो, कारण मॉडेलने कधी तरी हीच पाने वाचलेली असतात. त्या पानाला भेट देण्याची मात्र गरज उरत नाही. वापर वाढतो, दुकानासमोरून जाणारी वाट मात्र बंद होते. अशा स्थितीत पाने यंत्रांसाठी अधिक सोपी करून द्या, ही सूचना निर्मात्यांना का झोंबली असेल हे समजण्यासारखे आहे.

सूचना करणाऱ्याचीही बाजू होती. ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची ही पद्धत जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडली. साइटवरील मजकूर एआयला समजेल अशा साध्या रूपात एका ठिकाणी द्यायचा. अनेक प्रकल्पांनी ती आनंदाने स्वीकारली आहे. एआय सहायक जुन्या आवृत्तीची आज्ञा नव्या आवृत्तीत घुसडतो, ही रोजची तक्रार आहे आणि ताजे डॉक्युमेंटेशन त्याला वाचू देणे हा त्यावरचा उपाय आहे. वापरकर्त्याच्या सोयीचे आणि निर्मात्याच्या पोटाचे गणित इथे जुळत नाही. नोकरकपातीची बातमी पसरल्यानंतर व्हर्सेल आणि गुगलच्या एआय स्टुडिओसह काही कंपन्या टेलविंडला प्रायोजकत्व देण्यास पुढे आल्या. ज्यांच्या तंत्रज्ञानाने वाचक वळवले, त्यांतीलच एकाने हात पुढे करावा, हे बरे की वाईट यावर दुमत आहे. नावाजलेल्या प्रकल्पासाठी निदान कोणी धावून आले. ज्याचे नाव दोनशे लोकांना ठाऊक आहे अशा प्रकल्पासाठी कोणी येत नाही.

बॉट्सना रोखता येत नाही का?

‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही १९९४ पासूनची पद्धत. साइटच्या दारात पाटी लावायची की अमुक बॉटने आत येऊ नये. २०२२ मध्ये तिला अधिकृत मानकाचा दर्जाही मिळाला. पण ती पाटीच आहे, कुलूप नव्हे. पाळणारा पाळतो. ओळख लपवून, हजारो वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून येणाऱ्या बॉटला ती अडवत नाही.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये झी यासो या प्रोग्रामरने ‘अ‍ॅन्युबिस’ हे साधन तयार केले. अ‍ॅमेझॉनच्या बॉटने त्यांचा स्वत:चा सर्व्हर बेजार केल्याचे निमित्त झाले. मृतात्म्याच्या हृदयाचे वजन करणाऱ्या इजिप्शियन देवाचे हे नाव. पान दाखवण्यापूर्वी ते ब्राउझरला एक गणिती कोडे सोडवायला लावते. एका माणसाच्या ब्राउझरला ते जड नसते. लाखो पाने ओढणाऱ्या बॉटला मात्र प्रत्येक वेळी वीज आणि वेळ खर्चावा लागतो. लिनक्ससाठीचा जीनोम हा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाने ते लावले, तेव्हा अडीच तासांत आलेल्या ८१ हजार मागण्यांपैकी जेमतेम तीन टक्के मागण्या हे कोडे पार करू शकल्या. उरलेल्या बहुतेक बॉट्सच्या होत्या, असे मानायला जागा आहे.

तोटे आहेतच. जुन्या, स्वस्त स्मार्टफोनवर कोडे सुटायला वेळ लागतो आणि तोवर वाचक रिकाम्या पानाकडे पाहत बसतो. जावास्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्यांना अनेकदा पान दिसत नाही. आणि बॉट चालवणाऱ्या कंपनीकडे संगणकशक्तीची कमतरता नसते.

मोठ्या कंपन्यांच्या मागे उभे राहणे हा दुसरा मार्ग. जगातील असंख्य साइटपुढे ढालीसारखी उभी असणारी क्लाऊडफ्लेअर १ जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांच्या साइटवर एआय बॉट्सना मूळ सेटिंगमध्येच अडवते. बॉटने पानामागे पैसे मोजावेत अशी व्यवस्थाही तिने प्रायोगिक तत्त्वावर आणली. यातून लहान प्रकल्पाचा बचाव होतो, पण खुल्या वेबवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार एका कंपनीकडे एकवटतो. स्वत:चा सर्व्हर स्वत: राखायचा म्हटले, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

मोफत जागा बंद पडली तर?

तसे घडलेले आहे. गुगलची ‘गुगल कोड’ ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. जावाच्या जगात नावाजलेले ‘कोडहाऊस’ २०१५ मध्ये बंद झाले. ग्रूव्ही भाषेची अधिकृत पाने तिथेच होती, ती हलवावी लागली आणि पुस्तकांत, उत्तरांत छापलेले जुने दुवे निकामी झाले. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडत नव्हती.

दुवा नुसता मेला तर त्रास होतो. तो दुसऱ्याच्या हाती गेला तर धोका होतो. डॉक्युमेंटेशनच्या पानावर ‘ही ओळ कॉपी करून चालवा’ असे लिहिलेले असते आणि वाचक विश्वासाने ती चालवतो. डोमेनचे शुल्क भरायचे राहिले आणि ते नाव कोणी विकत घेतले, तर त्या ओळीच्या जागी काहीही टाकता येते. २०२४ मधील ‘पॉलिफिल’ प्रकरण डॉक्युमेंटेशनचे नव्हते, पण जात तीच. ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्यांना मदत करणारा कोड पुरवणारे हे डोमेन त्या वर्षी फेब्रुवारीत एका चिनी कंपनीकडे गेले. जूनपर्यंत तिथून घातक कोड पसरू लागल्याचे उघड झाले आणि एक लाखाहून अधिक साइट त्याच्या कक्षेत होत्या. मूळ प्रकल्प सुरू करणाऱ्या अभियंत्याकडे त्या डोमेनची मालकी कधीच नव्हती.

भारताचा संबंध काय?

वापरणारे म्हणून फार मोठा. गिटहबच्या २०२५ च्या अहवालानुसार वर्षभरात जगातून ३ कोटी ६० लाखांहून अधिक नवे डेव्हलपर तिथे आले, त्यात ५० लाखांहून अधिक भारतातले होते. या सर्वांचे शिकणे परदेशी सर्व्हरवर कोणीतरी मोफत ठेवलेल्या पानांवर अवलंबून आहे. ते किती नाजूक आहे याची चुणूक डिसेंबर २०१४ मध्ये मिळाली होती. दहशतवादी संघटनेचा मजकूर आढळल्याच्या कारणावरून मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने मागणी केली, मुंबईतील न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला आणि दूरसंचार खात्याने ३२ साइट रोखण्यास सांगितले. यादीत गिटहब, सोर्सफोर्ज आणि इंटरनेट आर्काइव्हही होते. काही आक्षेपार्ह पानांपायी अख्ख्या साइट अडल्या आणि नव्या वर्षाच्या तोंडावर देशभरातील प्रोग्रामर अडून बसले. पुढे बंदी टप्प्याटप्प्याने उठली.

देणारे म्हणूनही चित्र अगदीच कोरे नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे उद्योगांचा हिशेब सांभाळणारे ओपन सोर्स सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याचे डॉक्युमेंटेशन कंपनी स्वत:च्या साइटवर ठेवते आणि सॉफ्टवेअर चालवून देण्याच्या शुल्कातून खर्च भागवते. म्हणजे विक्री पानावरील जाहिरातीवर अवलंबून नाही, सेवेवर आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प सरकारी निधीतून उभा राहिला. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या चित्रफिती तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत देतो. इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी एआय सहायक येण्यापूर्वी हा एक आधार होता.

निधीच्या बाबतीत ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळूरुच्या झिरोधाने ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. जगभरातील ओपन सोर्स प्रकल्पांना दरवर्षी एकूण दहा लाख डॉलर देण्याची ही योजना. प्रकल्पाने आपली गरज एका ठरावीक फाइलमध्ये लिहून आपल्याच साइटवर ठेवायची, तीच अर्जाचे काम करते. होस्टिंगचा खर्चही त्यात मांडता येतो. एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलर मिळू शकतात. रीड द डॉक्सला एका बॉटने एका महिन्यात लावलेले बिल यातील किमान रकमेच्या निम्म्याहून अधिक होते.